देश बंद करावा की जिल्हा? आधी गुरुवारचा तक्ता बघा

एका वाचकाचा प्रश्न आहे: "पुन्हा करोनासारखी साथ आली तर सगळा देश एकदम बंद करावा, की जिथे रुग्ण आहेत तेवढाच जिल्हा किंवा शहर? 2020-21 मध्ये तुम्ही या कामात होतात. आतून काय दिसलं ते सांगा."

सार्वजनिक आरोग्य खात्यात माझी सत्तावीस वर्षं गेली, त्यातली शेवटची साथरोग सर्वेक्षणात. करोनाच्या काळात एका जिल्ह्याचे रोजचे आकडे माझ्या टेबलावरून पुढे जायचे. त्या जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते वाचलं की कारण कळेल.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: जिल्हावार निर्बंध बरे. पण आपण ते ज्या पद्धतीने लावले, त्या पद्धतीने नव्हे.

आधी देशव्यापी बंदबद्दल. 24 मार्च 2020 ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारा वाजता देश बंद. तेव्हा देशात नोंदलेले रुग्ण होते पाचशेच्या आसपास. आज हा आकडा सांगितला की लोक कपाळावर हात मारतात, "पाचशे रुग्णांसाठी सव्वाशे कोटी माणसं घरात कोंडली!" मी त्यांच्यात नाही. त्या वेळी आम्ही आंधळे होतो. महाराष्ट्रात सुरुवातीला तपासणी व्हायची ती पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था), मुंबईचं कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचं इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय एवढ्याच ठिकाणी. आमचा स्वॅब बर्फाच्या पेटीत घालून गाडीने जायचा आणि रिपोर्टची वाट बघत पेशंट वॉर्डात पडून राहायचा. माणूस परदेशातून आलेला किंवा बाधिताच्या संपर्कातला नसेल, तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात त्याचा स्वॅब घ्यायची परवानगीच नव्हती. रोग कुठे आहे हे माहीत नसताना नकाशावर रेघ कुठे मारणार? म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा देशव्यापी बंद मला तेव्हा पटला होता आणि आजही पटतो.

पटली नाही ती चार तासांची मुदत आणि थांबवलेली रेल्वे. यातलं रोगाचं गणित फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मार्चअखेर मुंबई-पुण्यात बाधितांचं प्रमाण अगदी थोडं होतं. त्या आठवड्यात मजूर, विद्यार्थी, चाकरमानी यांना गाड्या सोडून घरी जाऊ दिलं असतं, तर त्यांच्याबरोबर गावाला गेलेला रोगही थोडाच असता. आपण त्यांना दहा बाय दहाच्या खोल्यांत पाच-सहा आठवडे अडकवलं. तेवढ्यात शहरातला रोग वाढला आणि मग मे महिन्यात आपण दार उघडलं. पहिली श्रमिक रेल्वे 1 मे रोजी सुटली. तोवर लोक चालत निघाले होते. जालन्याहून रुळांवरून निघालेले 16 मजूर 8 मे च्या पहाटे करमाडजवळ झोपेतच मालगाडीखाली गेले. खेड्यांतले बहुतेक पहिले रुग्ण मे महिन्यातच सापडले, हा योगायोग नव्हता. गडचिरोली जिल्ह्यात मेच्या मध्यापर्यंत एकही रुग्ण नव्हता. तरी पहिले चार आठवडे वरळी कोळीवाड्याला जो नियम, तोच एटापल्लीला. मोहफुलांच्या ऐन हंगामात.

आमच्याकडे त्या मे महिन्यात मुंबईहून आलेल्या लोकांना गावातल्या शाळेत ठेवायचे. एका शाळेत मी गेलो तेव्हा एकतीस माणसं होती आणि संडास दोन, त्यातल्या एकाला कडी नव्हती. वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून गावकरी राखण करत बसलेले. सरपंच मला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ही आमचीच पोरं आहेत, पण आत्ता नको." त्याला दोष कसा द्यायचा?

दुसऱ्या लाटेत उलटं झालं. रोग कितीतरी पट मोठा आणि देश उघडा. पंतप्रधानांनी 20 एप्रिल 2021 च्या भाषणात राज्यांना सांगितलं की लॉकडाऊन हा शेवटचा पर्याय समजा, सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्रांवर भर द्या. दिल्ली, महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू या सगळ्यांनी आपापल्या तारखा ठरवून आपापलं राज्य बंद केलं. त्या एप्रिलमध्येही कुर्ला टर्मिनसवर परप्रांतीय मजुरांची गर्दी झालीच. फरक एवढाच की माणसं गाडीत बसून घरी गेली. त्यामुळे "राष्ट्रीय लॉकडाऊन वाईट" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, नक्की काय वाईट? दुकान बंद असणं, की घरी जायची वाट बंद असणं? पहिल्याचं नुकसान भरून देता येतं.

आता जिल्हावार निर्बंधांकडे येतो. लहान क्षेत्र बंद करून रोग आटोक्यात येतो याचा पुरावा आपल्याच दाराशी आहे. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात सौदीहून परतलेल्या एका कुटुंबातले वीसहून जास्त लोक बाधित निघाले. तो भाग लगेच सील झाला, संपर्कातला माणूस न् माणूस शोधला, आणि एप्रिलमध्येच साखळी तुटली. धारावीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण चुकीच्या कारणासाठी. अडीच चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर पत्रे ठोकले म्हणून धारावी आटोक्यात आली असं लोक समजतात. पत्रे तर सगळीकडेच ठोकले होते. धारावीत घरोघरी ताप मोजला, सार्वजनिक शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली, शाळा आणि मंगल कार्यालयांत विलगीकरणाची सोय केली, आणि आत अडकलेल्यांना जेवण पोचवलं. बंदी लहान असली की एवढं करता येतं, हाच तिचा खरा फायदा. पूर्ण देशाला कुणी डबा देऊ शकत नाही.

मग बिघडलं कुठे? क्षेत्र मोठं झालं तसं बिघडलं. प्रतिबंधित क्षेत्र म्हणजे एक वाडी, एक चाळ, चार गल्ल्या. तिथून आपण शहरावर गेलो, शहरावरून जिल्ह्यावर. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा जुलै 2020 चा दहा दिवसांचा लॉकडाऊन आठवा. 10 जुलैला जाहीर झाला, 13 च्या मध्यरात्री लागू झाला. मधल्या तीन दिवसांत किराणा दुकानांसमोर आणि मंडईत जी गर्दी झाली, ती बघून आमच्यातला एक सहकारी म्हणाला, "लॉकडाऊनमुळे जे वाचणार ते आधीच वाटून टाकलं." केंद्रालाही अशा स्थानिक बंदचं प्रेम नव्हतं. 29 ऑगस्ट 2020 च्या आदेशात गृह मंत्रालयाने स्पष्ट लिहिलं की प्रतिबंधित क्षेत्राबाहेर राज्यांनी केंद्राशी सल्लामसलत केल्याशिवाय स्थानिक लॉकडाऊन लावायचा नाही.

अमरावतीचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्यात सगळीकडे लग्नं, सभा सुरू होत्या आणि अमरावतीचे आकडे एकदम चढले. 22 तारखेपासून अमरावती शहर आणि अचलपूर आठवडाभर बंद, मग आणखी आठवडाभर. मार्चमध्ये अमरावतीचा आलेख खाली आला. म्हणजे बंदचा उपयोग झाला म्हणायचं? तिथल्यापुरता, हो. पण त्याच मार्चमध्ये राज्याचा आलेख वर निघाला आणि 18 एप्रिलला महाराष्ट्रात एका दिवसात 68,631 रुग्ण नोंदले गेले. विषाणूचं ते नवं रूप, ज्याला पुढे डेल्टा म्हटलं गेलं, विदर्भाच्या नमुन्यांत दिसत होतं. शेजारच्या जिल्ह्यांनी अमरावतीकडे "त्यांचं त्यांनी बघावं" अशा नजरेने पाहिलं. खरं सांगायचं तर माझ्या जिल्ह्यातही तेच. फेब्रुवारीच्या एका बैठकीत मी अमरावतीचा विषय काढला, तर पुढचा विषय घेतला गेला. स्थानिक बंदीचा हा दोष कायमचा आहे. ती लागली की बाकीच्यांना वाटतं आपण सुटलो.

आता त्या गुरुवारच्या तक्त्याबद्दल.

4 जून 2021 च्या आदेशाने राज्याने पाच स्तर ठरवले. दोन आकडे बघायचे: आठवड्याचा पॉझिटिव्हिटी रेट, म्हणजे शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले, आणि ऑक्सिजनचे किती टक्के बेड भरले आहेत. रेट पाचाच्या आत आणि बेड पंचवीस टक्क्यांच्या आत, तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. पाच ते दहा रेट म्हणजे तिसरा स्तर. दहा ते वीस, चौथा. विसाच्या वर, पाचवा. दहा लाखांवरच्या शहरांच्या महापालिका वेगळ्या मोजायच्या, उरलेला जिल्हा वेगळा. दर गुरुवारी आकडे ठरायचे आणि येत्या सोमवारपासून नवा स्तर लागू. कागदावर मला ही योजना फार आवडली होती. इतकी स्वच्छ पद्धत मी नोकरीत पाहिली नव्हती. (ती जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी एका मंत्र्यांनी अठरा जिल्हे अनलॉक झाल्याचं सांगून टाकलं आणि तासाभरात मुख्यमंत्री कार्यालयाला खुलासा करावा लागला, तो भाग वेगळा.)

गोम अशी की दहा हा आकडा आता रोगाचा राहिला नाही, कापडाच्या दुकानाचा झाला. दहाच्या खाली तिसरा स्तर, म्हणजे कापड, भांडी, चपला, सगळी दुकानं सोमवार ते शुक्रवार चारपर्यंत उघडी. दहाच्या वर चौथा स्तर, म्हणजे शटर खाली. एका गुरुवारी दुपारी माझ्या तक्त्यात 10.4 आला. चार वाजल्यापासून फोन. एक जण म्हणाले, "डॉक्टर, जरा बघा ना, दहाच्या आत बसतंय का." मी म्हटलं, बसवायला हा सदरा आहे का? ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही नका बसवू, टेस्टिंग वाढवा."

टेस्टिंग वाढवा, यात चूक काय काढणार? सगळं जग तेच सांगत होतं. पुढच्या मंगळवारपासून बाजार समितीच्या गेटवर, एसटी स्टँडवर, विनाकारण फिरणाऱ्यांसाठी चौकाचौकात अँटिजेन चाचणीची टेबलं लागली. गणित सोपं आहे. समजा तापाच्या रुग्णांच्या आणि संपर्कातल्यांच्या हजार चाचण्यांत 120 बाधित निघाले, तर रेट बारा. त्यात बाजारातल्या धडधाकट माणसांच्या दीड हजार अँटिजेन मिळवा, त्यात 30 निघाले, तर 2,500 मध्ये 150, म्हणजे सहा टक्के. रोग तेवढाच, बाधित उलट तीस जास्त सापडलेले, आणि जिल्हा चौथ्या स्तरातून तिसऱ्यात. कुणीही खोटा आकडा लिहिलेला नाही. मीही सही केली.

याची दुसरी बाजू मला जास्त खुपते. आमच्या एका तालुक्याचा आरोग्य अधिकारी फार नेकीने काम करायचा. आशा सेविकांना बरोबर घेऊन प्रत्येक बाधिताच्या संपर्कातले पंधरा-वीस जण शोधायचा आणि त्यांचेच स्वॅब घ्यायचा. साहजिकच त्याच्याकडे बाधित जास्त निघायचे, रेट जास्त यायचा. पंचायत समितीच्या बैठकीत त्याला "तुमच्यामुळे जिल्हा बंद आहे" असं ऐकून घ्यावं लागलं. उत्तम संपर्कशोध केल्याची शिक्षा! तीन आठवड्यांनी त्यानेही चौकात टेबल टाकलं. मी त्याला काही बोललो नाही.

राज्याला हे कळलं नाही असं नाही. 25 जूनला नवा आदेश आला: स्तर ठरवताना फक्त प्रयोगशाळेतल्या आरटीपीसीआर चाचणीचा रेट धरायचा, अँटिजेन नाही, आणि कुठलाच जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली आणायचा नाही. पहिलं योग्यच होतं. पण दुसऱ्याने योजनेतला जीव गेला. ज्यांचा रेट एक-दोन टक्के होता त्या जिल्ह्यांनाही चारलाच शटर. नियम पाळून काही मिळत नाही म्हटल्यावर लोकांनी गुरुवारचा तक्ता वाचणं सोडलं. जुलैत कोल्हापूरचे व्यापारी रस्त्यावर उतरले. 2 ऑगस्टला 25 जिल्ह्यांना सूट आणि पुण्यासह 11 जिल्हे तिसऱ्या स्तरावर, तेव्हा पुण्याचे व्यापारी चिडले. त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता: पुणे शहराचा रेट कमी असताना उरलेल्या जिल्ह्यासाठी आम्ही का थांबायचं?

यातून सीमेचा प्रश्न येतो. निर्बंध महसुली नकाशावर लागतात, माणसं त्या नकाशाने चालत नाहीत. सांगली आणि जयसिंगपूर यांच्यामध्ये अंकलीचा पूल आहे. अलीकडे एक जिल्हा, पलीकडे दुसरा. राहायचं एकीकडे आणि कामाला दुसरीकडे अशी किती घरं तिथे असतील, त्याची मोजदाद नाही. औंध आणि सांगवीच्या मध्ये मुळा नदी, दोन तीरांवर दोन महापालिका. दोडामार्ग, बांद्याची पोरं रोज सकाळी गोव्यात कामाला जातात, त्यांच्यासाठी तर राज्यच बदलतं. 2020 मध्ये ती सीमा बंद झाली तेव्हा यांची नोकरी एका राज्यात आणि घर दुसऱ्यात अडकलं. माझं मत असं की रेघ मारायचीच असेल तर एसटीच्या आणि दवाखान्याच्या रस्त्याने मारावी. कुठल्या गावचे लोक कुठल्या बाजाराला, कुठल्या इस्पितळाला जातात, हे कुठलाही डेपो मॅनेजर तासाभरात सांगेल.

आता पैशाचं. यासाठी थोडं इंग्लंडला जाऊ, कारण हा वाद तिथे आपल्यापेक्षा उघडपणे झाला. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांनी तीन स्तर केले. लिव्हरपूलचा परिसर पहिल्यांदा सर्वांत कडक स्तरात गेला. मग ग्रेटर मँचेस्टरची पाळी आली, तेव्हा तिथले महापौर अँडी बर्नहॅम अडून बसले. त्यांनी साडेसहा कोटी पौंड मागितले, सरकार सहा कोटींवर थांबलं, बोलणी फिसकटली आणि निर्बंध लादले गेले. पेपरांत ही रकमेची घासाघीस गाजली. बर्नहॅम यांचा खरा मुद्दा दुसरा होता. वसंतात सगळा देश बंद होता तेव्हा काम बंद पडलेल्यांना सरकार पगाराच्या 80 टक्के देत होतं. आता फक्त उत्तरेकडची शहरं बंद होणार तर 67 टक्के. दोन आठवड्यांत लंडनसह सगळं इंग्लंड बंद करायची वेळ आली, आणि त्याच दिवशी पुन्हा 80 टक्के जाहीर झाले. बंद गल्लीतल्या माणसाने यातून काय समजायचं? आपण एकटे बंद असलो की आपली किंमत कमी.

आपल्याकडे तर तो हिशोबही नव्हता. एप्रिल 2021 मध्ये पूर्ण राज्य बंद झालं तेव्हा राज्य सरकारने 5,476 कोटींची मदत जाहीर केली. रिक्षावाले, फेरीवाले, बांधकाम मजूर यांना दीड-दीड हजार, रेशनवर फुकट धान्य, महिनाभर शिवभोजन मोफत. रक्कम पुरेशी होती का, हा वाद घालता येईल. पण काहीतरी होतं. जिल्हाधिकारी जेव्हा एकटा जिल्हा बंद करतो, तेव्हा त्याच्या हातात जमावबंदीचं कलम असतं, आपत्ती व्यवस्थापन कायदा असतो, 1897 चा साथरोग कायदा असतो. तिजोरी नसते. बंद करायची ताकद एकाकडे आणि नुकसान भरून द्यायची दुसऱ्याकडे. मग दुकानदार काय करेल? शटर अर्धं ठेवेल, पोऱ्याला बाहेर उभं करेल आणि मागच्या दाराने गिऱ्हाईक घेईल. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य राज्यांच्या यादीत आहे, आणि एका राज्यातून दुसऱ्यात पसरणारे संसर्गजन्य रोग समवर्ती यादीत. म्हणजे दोघांनी मिळून करायचं काम. 2020 मध्ये सगळं केंद्राने केलं, 2021 मध्ये सगळं राज्यांवर सोडलं.

तेव्हा प्रश्नकर्त्याला सरळ उत्तर असं. रोग नवा असेल आणि तपासणीची सोय नसेल, तर देशभर बंद, पण दोन-तीन आठवडे, आणि बंद व्हायच्या आधी पाच-सहा दिवस जादा गाड्या सोडून. तेवढ्या दिवसांत जिल्ह्याजिल्ह्यात प्रयोगशाळा उभ्या करायच्या. त्यानंतर देश उघडायचा आणि लहान क्षेत्रं बंद करायची, जमलं तर वॉर्ड, नाही तर तालुका. जिल्ह्यापर्यंत वेळ आली तर शेजारच्या दोन-तीन जिल्ह्यांनाही त्याच दिवशी सभा आणि लग्नांवर मर्यादा. बंद झालेल्या क्षेत्रातल्या रोजंदारीवाल्याच्या खात्यात पहिल्याच आठवड्यात पैसे, पूर्ण राज्य बंद असतं तेव्हाच्या दराने, एक रुपयाही कमी नाही. स्तर ठरवायला पॉझिटिव्हिटी रेट नको. इस्पितळात रोज किती नवे लोक दाखल होतात आणि किती ऑक्सिजन लागतो, हे धरायचं. हा आकडा थोडा उशिरा हलतो, हे मला ठाऊक आहे. पण चौकात टेबल टाकून तो खाली आणता येत नाही.

आणि गुरुवारचा तक्ता जिल्ह्यात नको. तो पुण्यात किंवा मुंबईत बसलेल्या, आमचे फोन नंबर माहीत नसलेल्या कुणीतरी करावा.